सकाळी घाला आणि विसरून जा

स्लो कुकरच्या माहितीपुस्तिकेत पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं : ‘सकाळी घाला आणि विसरून जा.’ तिने ते वाक्य दोनदा वाचलं. घालणं जमण्यासारखं होतं. विसरणं हा तिचा प्रांतच नव्हता.

औषधांच्या खोक्यांवरचा मजकूर छपाईला जाण्याआधी वाचायचा आणि त्यातल्या चुका काढायच्या, हे तिचं काम. एक शून्य इकडचं तिकडे झालं तर माणूस दगावू शकतो, हे मनात धरून आठ वर्षं डोळ्यांत तेल घालून वाचलं की स्वभावच तसा होतो. नवरा तिला घरात ‘तपासनीस’ म्हणायचा. सात महिन्यांपूर्वी बाळ झालं आणि तपासनिसाला चोवीस तासांचं काम मिळालं. बाळ झोपलं की श्वास चालू आहे ना, ते बघायचं. चालू असला तर जरा जास्तच जोरात नाही ना, तेही बघायचं. त्यासाठी पाळण्यावर कॅमेरा बसवलेला होता. त्याचं चित्र तिच्या, नवऱ्याच्या आणि पलीकडच्या गल्लीत राहणाऱ्या तिच्या आईच्या फोनवर दिसायचं. शिवाय एक वही होती. बाळ किती वाजता प्यायलं, किती वाजता झोपलं, किती वाजता कारण नसताना हसलं, सगळं त्या वहीत.

आता रजा संपली होती. दोनदा वाढवून झाली होती. तिसऱ्यांदा विचारल्यावर साहेब अगदी गोड आवाजात म्हणाले होते, “सोमवारी या. नाहीतर तुमच्या टेबलावर दुसऱ्या कुणाला तरी बसवावं लागेल.” नवरा शाळेत गणित शिकवायचा. तिची आई नर्स होती आणि तिच्या निवृत्तीला अजून दोन वर्षं होती. सासरे घरात होते, पण बाळ रांगायला लागल्याच्या महिन्यातच त्यांच्या गुडघ्यांनी रांगणं काय, वाकणंही सोडलं होतं.

सगळी भिस्त होती ती मुलं सांभाळणाऱ्या बाईंवर. त्या एका वेळी चारच मुलं घ्यायच्या. त्यांच्याकडे नुकतीच एक जागा रिकामी झाली होती आणि त्या एका जागेवर पाच घरांचा डोळा होता. बाईंची एक पद्धत होती. मूल घेण्याआधी त्या घरी एकदा जेवायला जायच्या आणि ताटावरून उठताना हो किंवा नाही सांगायच्या. समोरच्या इमारतीतल्या जोडप्याला त्यांनी नाही म्हटलं होतं. त्या दोघांनी कारण विचारलं, तर बाईंनी ‘जेवण छान होतं’ एवढंच सांगून चपला घातल्या होत्या.

“जेवायला काय करू?” तिने फोनवर विचारलं होतं.

“रोज करता तेच करा.”

“तरीपण? काही विशेष आवडीचं?”

“मी सगळं खाते,” बाई म्हणाल्या. मग जरा थांबून, “पोर्क असलं की दोन घास जास्त जातात, एवढंच.”

हे ‘एवढंच’ तिच्या डोक्यात घर करून बसलं. रजेवर निघताना ऑफिसच्या मैत्रिणींनी दिलेला स्लो कुकर सात महिने खोक्यातच होता. तो बाहेर निघाला. बेत असा होता : सकाळी आठला मांस कुकरमध्ये. मंद आचेवर आठ तास. चार वाजता ते बाहेर काढायचं, खालचा रस गाळून त्यात मध, सोया सॉस, लसूण आणि थोडं व्हिनेगर घालून तो बोटाला चिकटेल इतका आटवायचा, मांसाला वरून फासायचा आणि दहा मिनिटं ओव्हनमध्ये ठेवायचं. वर आरशासारखी चकाकी. सात वाजता बाई येतील तेव्हा आपण विंचरलेल्या केसांनी, शांतपणे, मांडीवर बाळ घेऊन बसलेल्या. जणू काही हे सगळं आपोआप झालंय.

सकाळी आठ वाजून दोन मिनिटांनी तिने झाकण लावलं. आठ वाजून दहा मिनिटांनी ते उघडलं.

“गरमच होत नाहीये,” ती म्हणाली.

“दहा मिनिटं झालीत गं,” नवरा म्हणाला. “त्याच्या नावातच स्लो आहे.”

साडेआठला सासरे आले. ते जन्मभर लिफ्ट दुरुस्त करत आले होते आणि कुठलंही यंत्र दिसलं की आधी त्याला एक चापट मारून बघायचे. त्यांनी कुकरला चापट मारली.

“याच्या किती शिट्ट्या करायच्या?”

“शिट्टी नसते बाबा याला.”

“शिट्टीच नाही? मग झालं हे कळायचं कसं?”

“वेळेवरून कळतं. आठ तास.”

“आठ तास!” सासऱ्यांनी खुर्ची ओढली. “आठ तासांत आम्ही आठ मजल्यांची लिफ्ट उभी करायचो. बघू तरी आत काय करतोय.” आणि तिने ‘नको’ म्हणेपर्यंत त्यांनी झाकण उचलून पाहिलंसुद्धा.

दहा वाजता वास सुटला म्हणून नवऱ्याने झाकण उघडलं. अकराला वास येईनासा झाला म्हणून तिने. साडेअकराला ‘पाणी कमी वाटतंय का’ म्हणून पुन्हा तिने. बाराला सासऱ्यांनी, कारण सकाळी चष्मा न लावल्यामुळे त्यांना नीट दिसलं नव्हतं. साडेबाराला पुन्हा तिने, सासऱ्यांनी झाकण नीट लावलंय का ते बघायला.

दीड वाजता बाळाला भरवता भरवता तिने माहितीपुस्तिकेचं सातवं पान वाचलं आणि चमचा बाळाच्या तोंडापाशी तसाच थांबला. ‘झाकण उघडल्यास प्रत्येक वेळी शिजण्याचा वेळ अर्ध्या तासाने वाढतो.’

“किती वेळा उघडलं आपण?”

“तीनचारदा असेल,” नवरा म्हणाला.

“सात वेळा.” तिने वही पुढे केली. सकाळपासून बाळाच्या दुधाखाली, झोपेखाली, एका शिंकेखाली झाकणांच्या वेळा ओळीने लिहिलेल्या होत्या. “साडेतीन तास वाढले. साडेसातला शिजणार. बाई सातला येणार. वर त्याला चकाकी कधी आणायची?”

“वहीत लिहिलं नसतंस तर चारलाच शिजलं असतं,” सासरे म्हणाले.

नवऱ्याने गणित मांडलं. आच ‘जास्त’वर केली तर उरलेला वेळ निम्मा होतो. म्हणजे साडेचार, फार तर पाच. फक्त आता झाकणाला कुणी हात लावायचा नाही. तिने बटण फिरवलं, झाकणावर कागदाची चिठ्ठी चिकटवली, ‘हात लावू नका’, आणि चिठ्ठी नीट चिकटली आहे का हे बघायला हात पुढे केला. नवऱ्याने तो हात हळूच धरून बाजूला केला.

“मला नुसतं बघायचं होतं.”

“बघ. काचेचं झाकण आहे. लांबून बघ.”

लांबून बघ. तिच्या डोक्यात तिथेच दिवा पेटला. बाळ आत्ता दिवाणखान्यात आरामखुर्चीवर, आजोबांच्या पोटावर पालथं झोपलेलं. पाळणा रिकामा. कॅमेरा रिकामा. तिने तो पाळण्यावरून काढला, स्वयंपाकघराच्या फळीला अडकवला आणि तोंड खाली करून बरोब्बर कुकरवर रोखला. फोनवर काचेचं झाकण दिसायला लागलं, त्याखाली वाफ आणि वाफेत काहीतरी गुलाबी, गोलसर. तिला सकाळपासून पहिल्यांदा बरं वाटलं.

चार वाजता नवरा मध आणायला बाजारात गेला, कारण घरातल्या बाटलीत मधापेक्षा मुंग्या जास्त निघाल्या होत्या. तिने फोन आवाज बंद करून खाटेवर ठेवला आणि तीन दिवसांत पहिल्यांदा केस धुवायला न्हाणीघरात शिरली.

त्याच वेळी पलीकडच्या गल्लीत तिची आई ड्यूटीवरून येऊन, पाय वर घेऊन, नातवाचा चेहरा बघावा म्हणून फोन हातात घेत होती. आधी संदेश आला : ‘बाळाने साठ मिनिटांत हालचाल केलेली नाही.’ त्यापाठोपाठ दुसरा : ‘खोलीचे तापमान एकेचाळीस अंश.’ मग चित्र. चित्रात पांढरा धूर होता आणि धुरात काहीतरी गुलाबी, गोलसर, निश्चल.

तीस वर्षं नर्स असलेली बाई किंचाळत नाही. तिने लेकीला फोन केला, उचलला नाही. जावयाला केला, तो बाजारात दोन मधांच्या बाटल्यांवरचा मजकूर ताडून बघत होता, त्याला ऐकूच गेला नाही. व्याह्यांना केला. व्याह्यांचा फोन दिवाणखान्यातल्या टेबलावर थरथरताना त्यांना दिसत होता, पण पोटावर नातू झोपलेला. त्यांनी फोनकडे शांतपणे बघितलं आणि डोळे मिटले.

मग मात्र आजी चपला न घालता निघाली. लेकीच्या इमारतीत खालच्या मजल्यावर दातांचा दवाखाना होता. तिने दार ढकललं.

“डॉक्टर, चला वर! बाळ धुरात आहे!”

“मावशी, मी दातांचा डॉक्टर आहे,” हातातलं अवजार तसंच धरून डॉक्टर म्हणाले.

“असू दे. डॉक्टर तो डॉक्टर. चला!”

डॉक्टर धावले. खुर्चीतला पेशंट, गळ्यात निळा रुमाल आणि एका गालात कापूस अशा अवस्थेत, एकटा राहायला घाबरून त्यांच्या मागे धावला. जिन्याखाली मीटरची पेटी होती. धूर म्हटलं की पहिली वीज बंद, हे नर्सच्या हाडीमांसी खिळलेलं. तिने लेकीच्या घराचा मुख्य खटका खाली पाडला आणि वर पळाली.

बाजारात नवऱ्याला तेव्हा कुठे सासूचे पाच फोन दिसले. त्याने कॅमेरा उघडला. पडदा काळा. त्याने मध काउंटरवर टाकला, तोही पळत सुटला आणि वर दारापाशी तिघांना गाठून त्याने किल्लीने दार उघडलं.

डोक्याला टॉवेल गुंडाळून ती न्हाणीघरातून बाहेर आली, तर अंधारलेल्या बोळात चार माणसं उभी होती. त्यांतल्या एकाच्या हातात चिमटा होता.

“बाळ कुठाय?” आई ओरडली.

“श्शू,” दिवाणखान्यातून सासरे म्हणाले. “झोप मोडेल त्याची, विहीणबाई.”

सगळे दारात थबकले. आरामखुर्चीत आजोबांच्या पोटावर बाळ तोंड उघडं टाकून झोपलेलं होतं आणि आजोबांच्या प्रत्येक श्वासाबरोबर होडीसारखं वरखाली होत होतं. दातांच्या डॉक्टरांनी वाकून बघितलं.

“खालचे दोन आलेत,” ते हळूच म्हणाले. “छान आहेत.”

“मग कॅमेऱ्यात ते काय होतं?” आईने विचारलं.

लेकीने स्वयंपाकघराकडे बोट केलं. आई आत गेली, फळीवरचा कॅमेरा बघितला, खालचा कुकर बघितला, चिठ्ठी वाचली आणि भिंतीला टेकून बसली.

“मी एका मांसाच्या तुकड्यासाठी अनवाणी धावले?”

“बघा विहीणबाई,” सासरे म्हणाले, “तुम्हाला यंत्रावर भरवसा, मला नाही. मी नातू प्रत्यक्ष पोटावर ठेवून घेतो.”

“तुम्ही फोन का नाही उचललात व्याहीबुवा?”

“बाळ उठलं असतं ना.”

मग चहा झाला. पेशंटला कापसामुळे चहा पिता येईना म्हणून त्याने नुसता वास घेतला. पाऊण तासाने कुणाच्या तरी लक्षात आलं की पंखा फिरत नाहीये. नवरा खाली जाऊन खटका वर करून आला. कुकरवर चार हिरवी शून्यं लुकलुकायला लागली.

“शून्य झालं,” नवरा म्हणाला. “म्हणजे वेळ संपली. झालं शिजून!”

आणि आठ वर्षं शून्यांवर पोट भरणारी तपासनीस, ओल्या केसांनी, जगावर पहिल्यांदाच विश्वास ठेवून म्हणाली, “हुश्श. मग आता झाकण अजिबात नको उघडायला. गरम राहील.”

नवरा पुन्हा मधाला गेला. तिने केस वाळवले, बाळाला भरवलं, ताटं पुसली. सव्वासहाला तिने विधिपूर्वक चिठ्ठी काढली, झाकण उचललं आणि मांसात काटा खुपसला. काटा वाकला.

“वीज गेली की हा बंद पडतो,” पुस्तिकेचं अकरावं पान वाचत नवरा म्हणाला. “परत आली तरी आपला आपण सुरू होत नाही.”

ती खाली बसली. तिला रडायलाही वेळ नव्हता, कारण बाई वेळेच्या पक्क्या म्हणून प्रसिद्ध होत्या. तेवढ्यात सासऱ्यांनी बाळ विहीणबाईंच्या हातात दिलं, गुडघ्यांना शिव्या देत वाकले आणि खालच्या कप्प्यातून जुना, एका कानाचा प्रेशर कुकर ओढून काढला.

“तुकडे कर,” ते सुनेला म्हणाले. “मोठे मोठे. आणि तू रे, गॅस लाव. घाबरू नका, अजून पाऊण तास आहे. सहा शिट्ट्या.”

“आठ,” आई म्हणाली. “दोन तास कोमट पडलंय ते. चांगलं उकळून निघू दे.”

“बरं, आठ. नर्सबाई म्हणतील तसं.”

बाई आल्या तेव्हा पाचवी शिट्टी होत होती. बाई म्हणजे ठेंगणी, पांढऱ्या केसांची, कुठल्याच गोष्टीचं नवल न वाटणारी बाई. दार उघडलं ते निळ्या रुमालाच्या पेशंटने, कारण तोच दाराजवळ होता. दातांचे डॉक्टर लसूण सोलत होते. स्वयंपाकघरातला वास सोडून खाली दवाखान्यात जाणं त्यांच्या जिवावर आलं होतं. नवरा पातेल्यात मध आणि रस ढवळत होता आणि चकाकी कधी येते ते बघायला दर मिनिटाला चष्मा पुसत होता.

“मूल कुठे झोपतं?” बाईंनी विचारलं.

ती त्यांना आत घेऊन गेली. पाळण्यावर कॅमेऱ्याचा नुसता आकडा लोंबकळत होता.

“इथे काहीतरी असायचं का?”

“कॅमेरा असतो,” ती म्हणाली. “सध्या स्वयंपाकघरात आहे.”

“आणि मूल?”

“आजीकडे.”

“आणि कॅमेऱ्यात कोण आहे?”

खोटं बोलायची तिला सवय नव्हती. तिने सगळं सांगून टाकलं. सात झाकणं, वही, काच, धूर, दातांचे डॉक्टर, खटका, शून्यं. सांगता सांगता तिच्याच लक्षात येत गेलं की समोरच्या इमारतीतल्या जोडप्याचं नक्कीच याहून बरं चाललं असणार. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, ‘हं’ म्हटलं आणि हात धुवायला गेल्या.

साडेसातला सगळे जेवायला बसले. जेवायला पाच माणसं होती तिथे आठ झाली, कारण डॉक्टरांना आणि पेशंटला जा म्हणायचं कुणाच्या तोंडून निघेना आणि ते दोघेही आपण होऊन जाईनात, शिवाय बाळही मांडीवरून मांडीवर फिरत होतं. मांसाचा एकसंध, आरशासारखा गोळा काही झाला नव्हता. तुकडे झाले होते, काहींची कड जळली होती, पण रस बोटांना चिकटत होता आणि प्रत्येक तुकडा दिव्याखाली तांब्यासारखा चमकत होता. बाईंनी एक तुकडा खाल्ला. मग दुसरा. मग ताट पुढे केलं. सगळे त्या ताटाकडे बघायला लागले. पेशंटसुद्धा एका गालाने चावायचा थांबला.

“तुम्ही कोण म्हणालात?” बाईंनी त्याला विचारलं.

“दाढ,” तो म्हणाला.

“आणि तुम्ही वर धावून आलात?”

“हे आले म्हणून मी आलो,” त्याने डॉक्टरांकडे बोट केलं.

“मी या आल्या म्हणून,” डॉक्टरांनी आजीकडे केलं.

बाईंनी बोटं पुसली. “तीस वर्षं मुलं सांभाळतेय,” त्या म्हणाल्या. “मुलाला ताप आला की मी घरी फोन करते. अर्ध्या घरांत कुणी उचलत नाही. उरलेल्यांत ‘मीटिंगमध्ये आहे’ म्हणतात. इथे तर फोन कुणीच उचलला नाही, तरी चार माणसं पोचली. एक तर कापूस घालून.” त्या पाणी प्यायल्या. “माझ्याकडून हो. सोमवारी सकाळी साडेआठ.”

नवऱ्याने हात वर केले. आईने डोळ्यांना पदर लावला. डॉक्टरांनी पेशंटशी हात मिळवला. ती मात्र ताटाकडे बघत होती.

“सोमवारी?” ती हळूच म्हणाली. “म्हणजे परवाच?”

“अगं!” नवरा म्हणाला. “महिनाभर सोमवार सोमवार करतेयस!”

“हो, म्हणजे चालेलच. नुसतं विचारतेय. बुधवार कसा वाटतो?”

बाईंना याचंही नवल वाटलं नाही. त्यांनी आणखी एक तुकडा वाढून घेतला.

“सोमवारच,” त्या म्हणाल्या. “माझ्या दारात रडायचं नाही, मुलं बघतात. रडायचं ते जिन्यात. जिन्याच्या वळणावर मी एक खुर्ची ठेवलीय.”

तिने मान वर केली. “किती वेळ बसलं तर चालतं?”

“हवं तेवढं. आया दहा मिनिटांत उठतात. ऑफिस असतं ना. बाबा लोक पाच मिनिटांत उठतात आणि खाली गाडीत जाऊन रडतात.”

सासऱ्यांनी मांडीवरचं बाळ जरा जवळ ओढलं.

“बाई, त्या वळणावर हातांची खुर्ची मावेल का हो?” त्यांनी विचारलं. “म्हणजे मला दुपारपर्यंत बसायचं झालं, तर.”